आकड्याचे आडनाव : औषधे, रिपोर्ट आणि एककांची गोष्ट

काही महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमारास एका जुन्या पेशंटच्या घरून फोन आला. पलीकडे काकू होत्या, आवाज घाबरलेला.

"डॉक्टर, ह्यांची साखर एकदम सहा पॉइंट आठ झालीय!"

मी ताडकन उठून बसलो. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली तरी आम्ही सावध होतो, इथे तर ७च्याही खाली! "काका शुद्धीवर आहेत का? घाम सुटलाय का? हातपाय थरथरतायत का?" मी विचारले.

"नाही हो, चांगले बोलतायत. लगेच साखरपाणी दिलं. थोड्या वेळानं परत तपासलं तर तेरा पॉइंट नऊ. म्हणून मग ग्लुकोजची पावडर दिली. आता सतरा आलीय. अजून किती देऊ?" मागून काकांचा वैतागलेला आवाज ऐकू येत होता, "अगं पुरे कर आता, मळमळतंय मला."

साखर ७ असलेला माणूस बायकोवर ओरडू शकत नाही. मी विचारले, "मशीन कुठलं आहे?" उत्तर आले, "धाकट्यानं लंडनहून आणलेलं. जुनं बिघडलं म्हणून आजच बॉक्समधून काढलं." मी फोन नातवाकडे द्यायला सांगितला. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. "आकड्याशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच," म्हटले. त्याने वाचले, "एमएमओएल पर एल." मग दोन क्षण शांतता, आणि तोच म्हणाला, "अरे देवा, युनिटच वेगळं आहे!"

आपल्याकडची ग्लुकोमीटर साखर 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' या एककात दाखवतात. ब्रिटनमधले यंत्र ती 'मिलिमोल प्रति लिटर'मध्ये दाखवते. तिथले ६.८ म्हणजे आपले साधारण १२२. काकांची साखर उत्तम होती. घरच्यांनी प्रेमापोटी ती तीनशेच्या वर नेऊन ठेवली! सुदैवाने काही बिघडले नाही. दोन दिवसांत गाडी रुळावर आली.

नातू नंतर मला म्हणाला, "आमचे सर उत्तरापुढं युनिट लिहिलं नाही तर मार्क कापतात. मला वाटायचं उगाच छळतात." त्यावरून मनात आले, की रिपोर्टमधल्या आकड्याला जशी किंमत असते तसे त्याला आडनावही असते. ते आडनाव म्हणजे एकक. आडनाव गाळले की तो आकडा नक्की कोणाच्या घरातला, हेच कळत नाही. आज या आडनावांचा इतिहास पाहू. तो रंजक आहेच, पण आपल्या औषधाच्या डब्याशीही त्याचा थेट संबंध आहे.

धान्याच्या दाण्यापासून ६५०च्या गोळीपर्यंत

माणसाने वजने मोजायला सुरुवात केली ती हाताशी असलेल्या गोष्टींनी. आपल्याकडे गुंजेची लाल-काळी बी होती. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. सोनार आणि वैद्य दोघेही हेच माप वापरत. आयुर्वेदाच्या जुन्या मात्रा गुंजेत आणि माशात सांगितलेल्या असतात. आज औषधनिर्मितीत एक गुंज साधारण १२५ मिलिग्रॅम धरतात.

इंग्लंडमध्ये हेच काम 'ग्रेन' या एककाने केले. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. इंग्रज इथे आले आणि दोन दाण्यांची गाठ पडली. १८३३ साली कंपनी सरकारने तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरवून टाकले, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. रुपयाच्या नाण्याचे वजनही तेवढेच. आज सराफाकडे 'तोळा' म्हटले की आपण १० ग्रॅम समजतो. शब्द तोच, वजन बदलले. आजीच्या काळातला पाच तोळ्यांचा दागिना आणि आजचा पाच तोळ्यांचा दागिना यांत आठ ग्रॅमहून जास्त फरक पडू शकतो.

औषधांत ग्रेनचा ठसा अजून पुसला गेलेला नाही. अ‍ॅस्पिरिनची जुनी नेहमीची गोळी पाच ग्रेनची असे. तिचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर केले की येतात ३२४, ते झाले ३२५. अमेरिकेत अजूनही ३२५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. तिचा पाव भाग म्हणजे ८१ मिलिग्रॅम. अमेरिकेत राहणारी मुले आईवडिलांसाठी हृदयाची म्हणून जी छोटी अ‍ॅस्पिरिन आणतात तिच्यावर हा विचित्र वाटणारा ८१चा आकडा असतो. आपल्याकडे त्याच कामासाठी ७५ची गोळी मिळते. पेशंट विचारतात, "सहा मिलिग्रॅम जास्त आहे, चालेल का?" हा फरक औषधाच्या गुणातून आलेला नाही, जुन्या मापातून आलेला आहे. तरी गोळी बदलण्याआधी विचारता, ते योग्यच करता.

तापासाठी आपल्या घराघरात असलेली पॅरासिटामॉलची ६५०ची गोळीही याच हिशेबात बसते. दहा ग्रेन म्हणजे ६४८ मिलिग्रॅम, म्हणजेच ३२५ची दुप्पट. ५०० हा मेट्रिक पद्धतीत जन्मलेला सरळ आकडा. ६५० हा दाण्यांच्या जमान्यातला पाहुणा.

सगळ्या लोकांसाठी एकच माप

जुन्या मापांची खरी अडचण होती गावोगावी बदलण्याची. आपल्याकडे शेर एका बाजारात एक तर दुसऱ्या बाजारात दुसरा असे. फ्रान्समध्येही असाच गोंधळ होता, आणि त्याचा फायदा घ्यायला जमीनदार आणि व्यापारी तयारच असत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर विद्वानांनी ठरवले, की माप कोणा राजाच्या हातापायावरून न घेता पृथ्वीवरून घ्यायचे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ पासून सहा-सात वर्षे डंकर्क ते बार्सिलोना असे मोजमाप केले. १७९९ साली प्लॅटिनमचा मीटर आणि किलोग्रॅम तयार झाले.

पुढे १८७५ साली पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या. १९६० साली या पद्धतीला 'एसआय' हे आजचे नाव मिळाले. भारतात मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून शेर-छटाक टप्प्याटप्प्याने जाऊन किलो-ग्रॅम आले. माझ्या काही वयस्क पेशंटना 'चार आणे' आणि 'पंचवीस पैसे' यांचा हिशेब घालताना झालेली धांदल अजून आठवते.

असा बदल चालू असतो तेव्हा अपघात होतात. कॅनडा मेट्रिककडे वळत असताना, २३ जुलै १९८३ रोजी, एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरचे वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला आणि विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडाले. मध्येच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान घारीसारखे तरंगवत गिम्ली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवले आणि ६९ जण वाचले. तिथे आकडेमोड करणारे सगळे शिकलेले, अनुभवी लोक होते. एककाची चूक अडाणीपणातून होत नाही, सवयीतून होते. काकूंची चूकही तशीच होती.

९८.६ चा अट्टहास

तापाचे उदाहरण घ्या. फॅरनहाइट यांनी आपली मोजपट्टी १७२४ साली जाहीर केली. स्वीडनच्या सेल्सियस यांची पट्टी १७४२ सालची. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ पट्टीत पाणी उकळण्याचा बिंदू शून्य होता आणि गोठण्याचा शंभर. ती नंतर उलटी केली गेली.

जर्मनीत लाइपझिगला कार्ल वुंडरलिश नावाचे डॉक्टर होते. त्यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून नोंदी केल्या आणि १८६८ साली आपल्या ग्रंथात सांगितले, की निरोगी माणसाचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सियस असते. हा ढोबळ, पूर्णांकातला आकडा होता. तो फॅरनहाइटमध्ये बदलला: ३७ गुणिले ९ भागिले ५, अधिक ३२. उत्तर आले ९८.६. मूळ आकड्यात दशांश नव्हता, रूपांतरात तो उगवला. आणि मग जगभरच्या आयांना वाटू लागले, की ९८.६ म्हणजे निसर्गाने काटेकोरपणे आखलेली रेषा आहे!

१९९२ साली अमेरिकेत निरोगी तरुणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ९८.२ आली. शिवाय तापमान दिवसभर बदलते, पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त. म्हणून मूल खेळत असेल, जेवत असेल आणि थर्मामीटर ९९ दाखवत असेल, तर 'ताप आला' म्हणून औषध पाजू नका. दशांशाच्या पुढचा आकडा दिसला की तो फार अचूक असणार, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तो नुसत्या गुणाकाराने आलेला असतो.

पारा गेला, माप राहिले

"बीपी १२० बाय ८०," असे आपण म्हणतो. १२० काय? उत्तर आहे, १२० मिलिमीटर पारा.

रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मगुरूने, एका घोडीवर. तिच्या रोहिणीत पितळी नळी घालून त्याने ती लांब, उभ्या काचेच्या नळीला जोडली. रक्त ८ फुटांहून वर चढले. १७३३ साली त्याने हे छापले. पण माणसाचा दाब मोजायला दवाखान्यात एवढी उंच नळी कोण उभी करणार? पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. तेवढाच दाब पाऱ्याच्या नळीत कितीतरी कमी उंचीत दिसतो. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा तब्बल सव्वापाच फुटांहून उंच खांब! १८२८ साली प्वाझय या फ्रेंच संशोधकाने पाऱ्याची वाकडी नळी वापरून मोजमाप सुटसुटीत केले. १८९६ साली इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोप लावून ऐकायची पद्धत सांगितली. त्यामुळे नस न टोचता वरचा आणि खालचा दोन्ही दाब कळू लागले.

पारा विषारी. २०१३च्या मिनामाता करारानंतर जगभर पाऱ्याची उपकरणे हळूहळू मागे पडत आहेत. आज तुमच्या घरच्या डिजिटल यंत्रात पाऱ्याचा थेंबही नाही, तरी आकडा 'मिलिमीटर पारा'मध्येच येतो. दाबाचे शास्त्रीय एकक पास्कल आहे. त्यात १२० बाय ८० म्हणजे साधारण १६ बाय १०.७ किलोपास्कल. पण डॉक्टरांनी ते काही स्वीकारले नाही. फ्रान्समध्ये तर तोच दाब सेंटिमीटरमध्ये सांगायची रीत आहे, म्हणजे '१२-८'. तिथल्या डॉक्टरने "तुमचं बीपी १४ आहे" म्हटले तर घाबरू नका. ते आपले १४० आहे.

केळी डझनावर, कलिंगड किलोवर

आता काकांच्या साखरेकडे वळू. एकाच साखरेला दोन एकके का?

रक्तातली साखर मोजायची सोय झाली तेव्हा रसायनशास्त्रज्ञ वजनाच्या भाषेत बोलत. १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम साखर, ते टक्क्यात लिहीत. लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिन मिळालेला पहिला रुग्ण ठरला. सुधारलेल्या औषधाची इंजेक्शने २३ जानेवारीला सुरू झाली आणि एका दिवसात त्याची साखर ०.५२ टक्क्यांवरून ०.१२ टक्क्यांवर आली. हे आकडे आज कोणाला ओळखूही येणार नाहीत. आपल्या भाषेत ते ५२० आणि १२० आहेत. लंडनच्या भाषेत साधारण २८.९ आणि ६.७. मुलगा एक, रक्त एक, साखर एक. आकडे तीन. जुने डॉक्टर अजून 'मिलिग्रॅम टक्के' म्हणतात, तो याच पद्धतीचा अवशेष.

वजनात मोजण्याला पर्याय आहे नग मोजण्याचा. आपण केळी डझनावर घेतो आणि कलिंगड किलोवर. शरीरातल्या रासायनिक क्रिया वजन पाहत नाहीत, त्या रेणूशी रेणू जोडतात. म्हणजे तिथे हिशेब नगांचा असतो. रेणू फार बारीक, म्हणून त्यांचा डझनही प्रचंड मोठा. त्या डझनाला 'मोल' म्हणतात. त्यात सहावर तेवीस शून्ये एवढे रेणू असतात. १९७१ साली मोलला एसआय पद्धतीच्या मूलभूत एककांत स्थान मिळाले आणि १९७७ साली जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकात एसआय एकके वापरावीत अशी शिफारस केली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मोलकडे वळले. भारत आणि अमेरिका वजनावरच राहिले. अमेरिकेतल्या काही नामांकित वैद्यकीय नियतकालिकांनी ऐंशीच्या दशकात नवी एकके लागू करून पाहिली, पण डॉक्टरांना ती पचेनात आणि पुन्हा जुन्यांकडे यावे लागले.

रूपांतर कसे करायचे? ग्लुकोजच्या एका मोलचे वजन १८० ग्रॅम. एका लिटरमध्ये १० डेसिलिटर. १८० भागिले १०, म्हणजे १८. परदेशी आकड्याला १८ने गुणले की आपला आकडा मिळतो, आपल्या आकड्याला १८ने भागले की परदेशी.

पण हा १८ फक्त ग्लुकोजचा, हे लक्षात ठेवा. प्रत्येक पदार्थाच्या रेणूचे वजन वेगळे, म्हणून गुणक वेगळा. कोलेस्टेरॉलसाठी तो ३८.७ आहे, ट्रायग्लिसराइडसाठी ८८.५. क्रिएटिनिनची तर गंमतच आहे. ते तिकडे मायक्रोमोलमध्ये मोजतात, त्यामुळे आकडा मोठा होतो. आपले १ म्हणजे तिकडचे ८८. लंडनच्या मुलाने फोनवर "माझं क्रिएटिनिन ९० आहे" सांगितले, तर किडनी निकामी झाली म्हणून रडू नका. ते नॉर्मल आहे.

आणखी एक घोळ तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा. आपल्याकडे तो टक्क्यात येतो. ब्रिटनमध्ये २०११ पासून तो 'मिलिमोल प्रति मोल'मध्ये देतात. तिथला ४८ म्हणजे आपला ६.५, तिथला ५३ म्हणजे आपला ७. या ७चा आणि तिकडच्या ग्लुकोमीटरवरच्या ७चा एकमेकांशी काही संबंध नाही.

सशावर ठरलेले युनिट

इथपर्यंतच्या चुकांनी फार तर एक रात्र झोप उडते. इन्सुलिनच्या एककाने मात्र जीव जाऊ शकतो, म्हणून इथे जरा थांबू.

इन्सुलिन आपण मिलिग्रॅममध्ये घेत नाही, 'युनिट'मध्ये घेतो. असे का? कारण १९२२ साली इन्सुलिन नेमके काय आहे हेच कोणाला माहीत नव्हते. प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेला तो एक अशुद्ध अर्क होता. त्यात खरे औषध किती आणि गाळ किती, हे प्रत्येक बाटलीत वेगळे. वजन करून काय कळणार? म्हणून टोरांटोच्या संशोधकांनी औषधाऐवजी त्याचा परिणाम मोजला. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची साखर ४५पर्यंत उतरवायला लागेल तेवढे औषध, असे माप त्यांनी ठरवले. ते माणसासाठी फार मोठे होते, म्हणून त्याचा एक तृतीयांश हे युनिट झाले.

पण ससे काही कारखान्यात बनत नाहीत. एकाला थोडे औषध पुरे, दुसऱ्याला जास्त लागे. मग १९२३ साली एडिनबर्गला तज्ज्ञांची बैठक झाली. ठरले असे, की शुद्ध कोरडी इन्सुलिनची एक नमुना भुकटी करून ठेवायची आणि जगातल्या कारखान्यांनी आपला माल तिच्याशी ताडून पाहायचा. १९२५ साली ही भुकटी प्रमाण म्हणून ठरली. तिच्या एका मिलिग्रॅममध्ये ८ युनिट धरले. पॅरिसमधल्या प्लॅटिनमच्या किलोसारखाच हा प्रकार, फक्त औषधाचा. पुढे शुद्धता वाढत गेली. आजच्या शुद्ध मानवी इन्सुलिनच्या एका मिलिग्रॅममध्ये जवळपास २९ युनिट भरतात. व्हिटॅमिन डीचेही असेच आहे. ६०,००० युनिट ऐकायला भयंकर वाटतात, वजनात ते फक्त दीड मिलिग्रॅम. म्हणून एका औषधाच्या युनिटची दुसऱ्याच्या युनिटशी तुलना कधीच करायची नाही.

आता धोक्याचा भाग. युनिट म्हणजे औषध किती, हे कळले. पण ते किती पाण्यात मिसळले आहे? सुरुवातीची इन्सुलिन पातळ होती. नंतर एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि ८० युनिट अशा दोन तीव्रता बाजारात आल्या आणि सिरिंजच्या खुणांचा गोंधळ होऊ लागला. म्हणून अमेरिकेने सत्तरच्या दशकात एकच तीव्रता आणायला सुरुवात केली: मिलिलिटरला १०० युनिट. भारतात आज दोन्ही एकत्र नांदतात. साध्या बाटलीतली बरीचशी इन्सुलिन ४०ची. पेनमधली आणि काही नव्या प्रकारच्या इन्सुलिनच्या बाटल्यांमधली १००ची. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४०साठी, केशरी टोपणाची १००साठी.

माझ्या एक पेशंट आजी लग्नाला बाहेरगावी गेल्या होत्या. तिथे त्यांचे पेन बिघडले. कोणीतरी मदतीला धावले, दुकानातून सिरिंज आणली आणि पेनच्या कार्ट्रिजमधूनच नेहमीचे '२०' खेचून दिले. सिरिंज होती लाल टोपणाची. तिच्यावर २०ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. कार्ट्रिज होती १००ची. अर्ध्या मिलिलिटरमध्ये गेले ५० युनिट. अडीचपट! तासाभराने आजी घामाने डबडबल्या, असंबद्ध बोलू लागल्या. शेजारी बसलेल्या सुनेला लक्षण ओळखता आले आणि लगेच साखर दिली, म्हणून हॉस्पिटलपर्यंत पोचता आले. मदत करणाऱ्याने '२०' बरोबर वाचले होते. त्याला वीसचे आडनाव माहीत नव्हते.

उलटा प्रकारही होतो. ४०ची बाटली आणि केशरी सिरिंज, तर २० ऐवजी ८च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात.

मग आपण काय करायचे?

- रिपोर्ट वाचताना किंवा फोनवर सांगताना आकडा आणि एकक दोन्ही सांगा. शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादाही वाचून दाखवा. ती त्याच एककात असते.
- परदेशातून ग्लुकोमीटर आणायचा असेल तर आधी एकक पाहा. बहुतेक यंत्रांत ते बदलता येत नाही. काही जुन्या यंत्रांत चुकून बदलले जाऊ शकते.
- आकडा भलताच आला तर आधी माणसाकडे पाहा. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे असेल तर लगेच साखर द्या, हिशेब नंतर. माणूस ठणठणीत असेल तर आधी एकक तपासा.
- इन्सुलिनच्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. ४०ला ४०, १००ला १००. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढू नका.
- मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. चिठ्ठी वाचता येत नसेल तर अंदाज करू नका, विचारा.
- लहान मुलांचे पातळ औषध बाटलीसोबतच्या मापानेच द्या. औषधातला चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो.
- डोसाचे रूपांतर स्वतः करू नका. इंटरनेटवरचा गुणक बरोबर असला तरी तो आपल्याच औषधाचा आहे का, हे डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा.

काकांच्या घरी गेल्या महिन्यात गेलो होतो. लंडनचे मशीन अजून आहे, पण नातवाने त्यावर पांढरी पट्टी चिकटवून मराठीत लिहिले आहे: "हे मशीन लंडनचे. १८ने गुणा." काकूंनी मला वहीत लिहिलेल्या महिन्याभराच्या नोंदी दाखवल्या. प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी एकक लिहिले होते.

मी त्यांना पूर्ण मार्क दिले.